दयेकडून मजुरीकडे

१९४६ साली ब्रिटिश सरकारने एक हुकूम काढला. विजेच्या लिफ्टवर उभा राहणारा माणूस आणि मोटारी उभ्या करण्याच्या आवारातला राखणदार, ह्या दोन नोकऱ्या ह्यापुढे अपंग म्हणून सरकारदप्तरी नोंदलेल्या लोकांकरिता राखून ठेवाव्यात, असे त्या हुकमात म्हटले होते. हुकूम काढणारे लोक निष्ठुर नव्हते. युद्धात हातपाय गमावून परत आलेल्या तरुणांना कोठेतरी काम मिळावे ही त्यांची तळमळ खरी होती. त्याआधी दोनच वर्षे, १९४४ साली, पार्लमेंटने कायदा करून वीस किंवा अधिक माणसे कामावर ठेवणाऱ्या मालकाने शेकडा तीन जागा अपंगांना द्याव्यात असा दंडकही घातला होता. तरीपण तो हुकूम आज वाचताना मनात येते, की सबंध राष्ट्राच्या उद्योगधंद्यांवर नजर फिरवून ह्या माणसांसाठी शेवटी शोधून काढले काय, तर लिफ्टचे बटण आणि मोटारींचे आवार! ज्याचा एक पाय गेला आहे परंतु जो हिशेबात तरबेज आहे, त्याचे काय करावयाचे, हा प्रश्न त्या हुकमाला पडलेलाच नाही.

कल्याणकारी राज्य हा शब्द आपल्या कानांवरून आता इतक्या वेळा गेला आहे, की त्यात मूळचे वचन कोणते होते हे आपण विसरून गेलो आहो. आजारपण, बेकारी, अपंगत्व आणि म्हातारपण ह्यांपैकी कोणतीही आपत्ती आली तरी नागरिकाला राज्य उघड्यावर टाकणार नाही, हे ते वचन. युद्धोत्तर पश्चिम युरोपातील राष्ट्रांनी ते बऱ्याच अंशी पाळले, आणि त्याची थोरवी कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. परंतु त्या वचनाच्या पोटात एक अडचण दडलेली होती. पैसे देणे हे तुलनेने सोपे काम आहे. माणसांचे वर्ग पाडावयाचे, प्रत्येक वर्गाचा दर ठरवावयाचा, आणि महिन्याच्या महिन्याला रक्कम पोचती करावयाची. काम मात्र वर्गाला देता येत नाही; ते एकेका माणसाला द्यावे लागते. भत्ता देणारी कचेरी माणसाला विचारते, ‘तुला काय करता येत नाही?’ आणि जितके जास्त येत नाही तितका भत्ता जास्त. काम देणारा विचारतो, ‘तुला काय येते?’ ह्या दोन प्रश्नांच्या कात्रीत सापडलेली लक्षावधी माणसे पोटाला उपाशी नाहीत, डोक्यावर छप्पर आहे, पण सकाळी उठून कोठे जावयाचे हे त्यांना ठाऊक नाही.

ब्रिटनने ह्यावर जो उपाय काढला तो आधी पाहू. १९४५ साली सरकारने एक कंपनी स्थापन केली. पुढे ती ‘रेमप्लॉय’ ह्या नावाने प्रसिद्ध झाली. तिचा पहिला कारखाना १९४६ साली वेल्समधील ब्रिजेंड येथे निघाला. कोळशाच्या खाणींत छाती गमावून बसलेल्या खाणकामगारांची तेथे मोठी भरती होती. अपंगांनी चालविलेले, अपंगांसाठीचे स्वतंत्र कारखाने, ही त्यामागील कल्पना. अनेक दशके ते चालले. त्यांनी हजारो संसार चालविले, आणि तेथे काम केलेल्या माणसांना त्या कारखान्यांविषयी जिव्हाळा होता हेही खरे. परंतु भिंत ती भिंतच. आत काम करणारा माणूस बाहेरच्या कामगाराच्या शेजारी कधी उभा राहत नसे, आणि तोट्याची भरपाई सरकार करीत असल्यामुळे मंत्रालयाच्या मनात आले की कारखाना बंद. २०१३ साली त्यांतले शेवटचे कारखाने बंद झाले. त्या वेळी दोन्ही बाजूंनी जोराचा वाद झाला. एक पक्ष म्हणे, वेगळे कारखाने हा कमीपणाच आहे. दुसरा म्हणे, कमीपणा असेल, पण शुक्रवारी हातात पगार येत होता. माझ्या मते दोघांचेही म्हणणे खरे होते, आणि म्हणूनच निराळा मार्ग कोणी शोधला काय, हे पाहणे अगत्याचे ठरते.

तो शोधला गेला तो इटलीत. आणि तोही एखाद्या मंत्रालयात नव्हे, तर वेड्यांच्या इस्पितळात.

एड्रियाटिक समुद्राच्या अगदी वरच्या टोकाला त्रिएस्ते नावाचे बंदर आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्याचे बंदर होते; दुसऱ्या महायुद्धानंतर ते कोणाचे यावर तंटा झाला आणि १९५४ साली ते पुन्हा इटलीकडे आले. ह्या शहराच्या उतारावर सान जोव्हान्नी नावाचे मनोरुग्णालय होते. ऑस्ट्रियाच्या अमदानीत, १९०८ साली, ते उघडले. एका मोठ्या उद्यानात विखुरलेले वेगवेगळे मंडप, स्वतंत्र स्वयंपाकघर, धोबीघर, नाटकगृह आणि देऊळ अशी त्याची रचना आहे. ते एक लहानसे गावच म्हणा ना; फक्त ह्या गावातून बाहेर जाण्याची मुभा नव्हती. १९०४ च्या इटालियन कायद्याप्रमाणे स्वतःला वा दुसऱ्याला धोका असलेल्या किंवा चारचौघांत लाज आणणाऱ्या वेड्याला कोंडून ठेवावयाचे असे, आणि त्याचे नाव गुन्हेगारांच्या नोंदवहीत चढे. ही नोंद बंद झाली ती १९६८ साली.

१९७१ च्या ऑगस्टमध्ये फ्रांको बाझालिया हे डॉक्टर ह्या इस्पितळाचे संचालक होऊन आले. त्या वेळी तेथे सुमारे १२०० माणसे होती. बाझालिया मूळचे व्हेनिसचे. विद्यार्थिदशेत फॅसिस्टविरोधी चळवळीत पडल्याबद्दल त्यांनी तुरुंग पाहिला होता, आणि पुढे १९६१ साली गोरित्सिया येथील इस्पितळात ते प्रमुख म्हणून गेले तेव्हा तुरुंगच पुन्हा दिसला. रात्री कोणकोणाला खाटेला बांधले त्याची नोंदवही सहीसाठी समोर आली असता त्यांनी सही करण्याचे नाकारले, अशी हकिकत सांगतात. त्यांच्या मार्गात संकटे आली नाहीत असे नाही. १९६८ साली गोरित्सियाचा एक रुग्ण एका दिवसाच्या सुट्टीवर घरी गेला आणि त्याने पत्नीचा खून केला. बाझालियांवर खटला झाला; त्यातून ते निर्दोष सुटले. दारे उघडण्याला किंमत पडते हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

आता कामाकडे वळू. इस्पितळात काम नव्हते असे आपण समजलात तर ती चूक होईल. काम भरपूर होते! मंडप झाडणे, कपडे धुणे, स्वयंपाकघरात भाज्या चिरणे, बागेत खोदणे, ही सारी कामे रुग्णच करीत. वैद्यकशास्त्राने त्यास ‘श्रमोपचार’ असे भारदस्त नाव दिले होते. उपचार म्हटल्यावर मजुरी कशाची? सिगारेटी किंवा किरकोळ बक्षीस हातावर ठेवले की भागले. युरोपातल्या अनेक इस्पितळांत हाच परिपाठ होता. येथे एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. हे लोक काम करण्यास असमर्थ आहेत म्हणून त्यांना कोंडले होते, आणि त्यांना कोंडणारी ती सारी संस्था चालत होती ती मात्र त्यांच्याच कामावर.

बाझालिया आणि त्यांचे सहकारी ह्यांनी केले ते इतके साधे होते, की प्रथम ऐकताना त्यात नवे काय असे वाटावे. त्यांनी रुग्णांची सहकारी संस्था काढली. ‘संयुक्त कामगार सहकारी संस्था’ असे तिच्या नावाचे भाषांतर होईल. १९७२ च्या अखेरीस ती उभी राहिली आणि १९७३ साली तिला मान्यता मिळाली. इस्पितळ चालविण्याची जबाबदारी तेथील प्रांतिक मंडळाकडे होती. त्या मंडळाने मंडपांची झाडलोट, स्वयंपाकघरातील कामे आणि उद्यानाची निगा ह्यांचा ठेका ह्या संस्थेला दिला. आरंभी साठेक रुग्ण सभासद झाले. कामगार-संघटनांनी ठरविलेल्या दराने त्यांना करारपत्राप्रमाणे मजुरी मिळू लागली.

तोच मंडप, तोच झाडू, तेच हात. काल तो माणूस रुग्ण म्हणून झाडत होता, आज तो कामगार म्हणून झाडू लागला. मधे आला तो फक्त एक कागद. परंतु त्या कागदाने काय काय हलविले ते पाहा. करारावर सही करावयाची तर सही करणारा कायद्याच्या दृष्टीने माणूस असावा लागतो. ज्यांच्यावर न्यायालयाने पालक नेमला होता त्यांच्या सहीला काडीची किंमत नव्हती. तेव्हा सहीचा प्रश्न हा थेट नागरिकत्वाचा प्रश्न होऊन बसला. मजुरी खिशात आली की ती खर्च करण्यासाठी बाजारात जावे लागते. म्हणजे फाटक उघडावे लागते. मजुरी नियमित आली की भाड्याची खोली परवडते. म्हणजे इस्पितळात राहण्याचे कारणच उरत नाही. दरम्यान, ज्यांची सक्तीची कोंडी उठली पण ज्यांना जावयाला घरच उरले नव्हते त्यांना इस्पितळात ‘पाहुणा’ असा दर्जा देण्यात आला. पाहुण्याला खोलीची किल्ली मिळते. कैद्याला मिळत नाही. शब्दांचे खेळ म्हणून ह्या गोष्टी हसण्यावारी नेऊ नयेत. सरकारी दप्तरात शब्द बदलला म्हणजे माणसाची पायरी बदलते, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही.

त्याच सुमाराची घोड्याची एक हकिकत सांगितल्यावाचून राहवत नाही. इस्पितळातील कपड्यांची गाडी ओढणारा मार्को नावाचा एक म्हातारा घोडा होता. १९७२ साली त्याच्या जागी मोटार आणावयाची आणि त्याला खाटकाकडे धाडावयाचे असे ठरले. तेव्हा घोड्याच्याच तोंडी घातलेला एक अर्ज प्रांतिक मंडळाचे अध्यक्ष मिकेले झानेत्ती ह्यांच्याकडे गेला: मी इतकी वर्षे इमानाने चाकरी केली आहे, मला जगू द्यावे. अर्ज मंजूर झाला. पुढल्या वर्षी, १९७३ च्या आरंभी, कलावंत आणि रुग्ण ह्यांनी मिळून ह्या मार्कोची एक प्रचंड निळी प्रतिमा लाकूड आणि कागदाचा लगदा ह्यांची बनविली. ती इतकी उंच झाली, की बाहेर काढताना दरवाजा फोडावा लागला. आणि मग घोड्यामागून शेकडो माणसे मिरवणुकीने शहरात उतरली. लोक ह्या मिरवणुकीची आठवण कौतुकाने काढतात. मला त्या अर्जाचे अधिक महत्त्व वाटते. घोड्याला चाकरीबद्दल निवृत्ती मिळाली; त्याच धोबीघरात त्याच्याइतकीच वर्षे राबलेल्या माणसांच्या नावे त्या दिवसापर्यंत चाकरीची एका ओळीचीही नोंद नव्हती.

१९७७ च्या जानेवारीत बाझालियांनी इस्पितळ बंद करण्याचा संकल्प जाहीर केला. १९७८ च्या मे महिन्यात इटलीच्या पार्लमेंटने १८० क्रमांकाचा कायदा केला आणि देशभर अशा इस्पितळांत नवी भरती थांबविली. १९८० साली सान जोव्हान्नी इस्पितळ म्हणून अधिकृतपणे संपले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाझालियाही वारले. कायदा झाला म्हणजे सगळीकडे त्रिएस्ते झाले, असे मात्र नाही. अनेक भागांत बाहेर कोणतीच सोय उभी न करता दारे उघडण्याची भाषा झाली, आणि सारा भार घरच्या बायाबापड्यांवर पडला. कित्येक ठिकाणी जुनी इस्पितळे १९९० नंतरही बरीच वर्षे रेंगाळली. ज्यांच्या घरी असा एखादा भाऊ किंवा मुलगी आहे त्यांना ह्या वाक्याचा अर्थ मी फोड करून सांगण्याची जरुरी नाही.

सहकारी संस्था म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे साखरेचा कारखाना किंवा दूधसंघ उभा राहतो. तेथे सभासद आपले हित साधण्याकरिता एकत्र येतात, आणि त्यात गैर काही नाही. त्रिएस्तेची संस्था आणि तिच्या मागोमाग उत्तर इटलीत निघालेल्या संस्था ह्यांनी ह्या साच्यात एक नवी गोष्ट बसविली. सभासदांचे हित तर पाहावयाचेच, पण ज्याला कोणी सभासद करून घेणार नाही त्याला आत घेणे हेच संस्थेचे प्रयोजन मानावयाचे. १९८१ साली पोर्देनोने येथे ‘नोन्चेल्लो’ ह्या नावाची अशीच संस्था निघाली. मनोरुग्णालयातून आलेल्या माणसांनी लाकडी फरशा बसविण्याचा धंदा केला, त्यावर २००८ साली निघालेला एक इटालियन चित्रपट ह्या संस्थेवरून सुचलेला आहे. अठरा-वीस वर्षे ह्या संस्था कायद्याच्या कडेकडेने चालल्या. त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला तो १९९१ च्या नोव्हेंबरात. त्याचा क्रमांक ३८१.

हा कायदा थोडा सावकाश पाहण्यासारखा आहे, कारण त्याची कलमे अनुभवातून आलेली आहेत. सामाजिक सहकारी संस्थांचे त्याने दोन प्रकार केले. ‘अ’ प्रकारच्या संस्था सेवाशुश्रूषा करतात: वृद्धांची देखभाल, बालवाड्या, आरोग्य. आपला विषय ‘ब’ प्रकारचा. ह्या संस्थेने कोणताही धंदा करावा—शेती, सफाई, सुतारकाम, उपाहारगृह, छापखाना—परंतु तिच्या कामगारांपैकी निदान शेकडा तीस माणसे प्रतिकूल परिस्थितीतील असली पाहिजेत. ती कोण, हेही कायदा सांगतो. शारीरिक व मानसिक अपंग, मानसोपचार घेणारे किंवा पूर्वी इस्पितळात असलेले, दारूच्या व मादक द्रव्यांच्या व्यसनात सापडलेले, अडचणीतल्या कुटुंबांतील कामाच्या वयाची मुले, आणि तुरुंगाबाहेर राहून शिक्षा भोगण्याची परवानगी मिळालेले कैदी. २००० साली आणखी एक कायदा होऊन तुरुंगात काम करणाऱ्या कैद्यांपर्यंत ही सवलत पोचली.

शेकडा तीस हा आकडा मला ह्या साऱ्या योजनेचा कणा वाटतो. रेमप्लॉयच्या कारखान्यात सगळेच अपंग. येथे तिघांच्या बरोबरीने सात धडधाकट माणसे त्याच संस्थेचे सभासद, त्याच सभेत मत देणारी. कायद्याने किमान मर्यादा घातली आहे, कमाल घातलेली नाही. पण ती धंदाच घालतो. एखादा सभासद औषधांमुळे सकाळी सुस्त असतो, त्याला दुपारची पाळी द्यावी लागते. एखादा महिनाभर बरा असतो आणि मग दोन आठवडे घराबाहेरच पडत नाही. त्या दिवसांत त्याचे काम उचलणारा कोणीतरी तुकडीत हवा, आणि परत आल्यावर त्याची जागा त्याला परत हवी. खाजगी मालक हा हिशेब दोन महिन्यांत थांबवितो. सहकारी संस्था तो चालवू शकते, कारण तुकडी मिश्र आहे. आणि कारण कायद्याने त्या हिशेबात आपली मदत आणून टाकली आहे.

ती मदत कोणती? इटलीत कामगाराच्या मजुरीवर सामाजिक विम्याची जी वर्गणी भरावी लागते ती जबर आहे. ह्या शेकडा तीस माणसांपुरती ती संस्थेला माफ आहे. लक्षात घ्या, मजुरीत सूट नाही; सूट वर्गणीत. म्हणजे माणूस स्वस्त होत नाही, त्याला ठेवणे परवडते. दुसरी मदत अशी, की युरोपीय नियमांनी ठरविलेल्या रकमेखालील कामे नगरपालिका नेहमीच्या निविदांच्या पद्धतीला फाटा देऊन ‘ब’ संस्थांना देऊ शकते. आपल्याकडे मजूर सहकारी संस्थांसाठी सार्वजनिक बांधकामाची काही कामे राखून ठेवण्याची जी पद्धत आहे तिच्याशी हे ताडून पाहावे. कल्पना चटकन समजेल, आणि तिच्यातील धोकाही.

तो धोका काही कल्पनेतला नाही. २०१४ च्या डिसेंबरमध्ये रोम शहरात मोठी धरपकड झाली. नगरपालिकेचे ठेके मिळविण्यासाठी लाच चारण्याच्या त्या प्रकरणाच्या केंद्रस्थानी माजी कैद्यांना काम देणारी एक नामांकित सामाजिक सहकारी संस्था आणि तिचा प्रमुख हे होते. शिक्षा झाल्या. हा प्रकार माफियाचा नव्हे, पण भ्रष्टाचाराचा खास, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिला. धरपकडीच्या त्याच महिन्यात पार्लमेंटने कायद्यात दुरुस्ती करून थेट ठेके देतानाही खुल्या पद्धतीने निवड करण्याची अट घातली. चांगल्या हेतूसाठी निविदांचे दार अर्धे उघडे ठेवले, की त्यातून चांगले हेतू नसलेलेही शिरतात. म्हणून दार बंदच करावे असे मी म्हणणार नाही. पण दाराशी पहारा हवा, आणि ‘आम्ही दुबळ्यांसाठी झटतो’ एवढे म्हणणाऱ्याला हिशेब दाखविण्यातून सूट नको. २०११ च्या गणनेत इटलीतील सामाजिक सहकारी संस्था अकरा हजारांवर भरल्या आणि त्यांत नोकरी करणारे तीन लाखांवर. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात नासके फळ निघणारच. आश्चर्य असलेच तर इतकी फळे धरली ह्याचे.

आता एक आक्षेप विचारात घेऊ, कारण तो वजनदार आहे. सहकारी संस्था झाली तरी ती एक निराळीच जागा. माणसाला सरळ बाजारातील साध्या नोकरीत का बसवू नये? ह्यावर पूर्वापार उत्तर असे, की आधी त्याला शिकवावे, सवय लावावी, कस लागेल अशा कार्यशाळेत ठेवावे, आणि तयार झाला म्हणजे नोकरीवर पाठवावे. अनुभव असा, की तयारीच वर्षानुवर्षे चालते आणि नोकरीचा दिवस उजाडत नाही. १९९० नंतर अमेरिकेत न्यू हॅम्पशायर येथे काही मंडळींनी हा क्रम उलटा केला. आधी खरी नोकरी शोधावयाची, आणि मग त्या नोकरीवरच शिकवावयाचे. मदतनीसाने माणसाच्या आणि मालकाच्या मागे उभे राहावयाचे. युरोपातील कल्याणकारी राज्यांत हे चालेल काय, ह्याची परीक्षा लंडन, उल्म, रिमिनी, झुरिच, ग्रोनिंगेन आणि सोफिया ह्या सहा ठिकाणी घेतली गेली. तीव्र मानसिक आजार असलेले ३१२ रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्या तशा पद्धतीने दोन गटांत विभागले. निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. नव्या पद्धतीच्या गटात शेकडा ५५ जणांना निदान एक दिवस तरी खुल्या बाजारात काम मिळाले. जुन्या पद्धतीच्या गटात शेकडा २८ जणांना. कामाच्या ताणाने आजार उलटेल ही भीतीही खरी ठरली नाही. पुन्हा इस्पितळात दाखल होण्याचे प्रमाण उलट ह्याच गटात कमी निघाले.

तेव्हा काय, सहकारी संस्थांची गरज संपली? मला तसे वाटत नाही. दुप्पट हे दुप्पटच, परंतु शेकडा ४५ जणांना त्याही पद्धतीने एक दिवसाचे काम मिळाले नाही. त्या ४५ जणांत कोण असतील? त्यांत औषधांनी सुस्त झालेला आपला मघाचा दुपारच्या पाळीचा सभासद असण्याचा पुष्कळ संभव आहे. त्रिएस्तेत हे दोन्ही मार्ग एकमेकांना लागून आहेत. रुग्ण मानसोपचार केंद्रात येतो. ते केंद्र त्याला एक लहानशी काम-शिष्यवृत्ती देते. ती घेऊन तो काही महिने एखाद्या सहकारी संस्थेत किंवा खाजगी दुकानात काम करून पाहतो, आणि जमले तर तेथेच राहतो. सान जोव्हान्नीच्या उद्यानात आज कोंडवाडा नाही. विद्यापीठाच्या आणि आरोग्यखात्याच्या कचेऱ्या आहेत, रोपवाटिका आहे, गुलाबांचा बगीचा आहे. ‘स्ट्रॉबेरीची जागा’ अशा अर्थाचे नाव असलेले एक उपाहारगृह तेथे सहकारी संस्थेने अनेक वर्षे चालविले. कॉफी आणून देणारा रुग्ण की डॉक्टर की दोन्ही नव्हे, हे गिऱ्हाइकाला कळण्याचे कारण नसते.

एवढे सगळे झाल्यावर आरंभी सांगितलेली कात्री तरी बोथट झाली काय? २०२१ साली इटलीत जे घडले त्यावरून आपणच ठरवावे. ज्यांचे अपंगत्व शेकडा ७४ ते ९९ ह्या दरम्यान ठरले आहे त्यांना तेथे एक मासिक भत्ता मिळतो. त्या वर्षी तो सुमारे २८७ युरो होता. त्या ऑक्टोबरात राष्ट्रीय विमा संस्थेने न्यायालयाच्या निकालांचा हवाला देऊन एक पत्रक काढले: भत्त्याची अट ‘काम न करणे’ ही असल्यामुळे, कितीही थोडे काम करणाऱ्याचा भत्ता बंद. आठवड्यातून काही तास सहकारी संस्थेत जाऊन फुलझाडांना पाणी घालणारा माणूस ह्या पत्रकाने एका फटक्यात अपात्र ठरला. ज्या राज्याने त्याला कामाला लावण्यासाठी विम्याची वर्गणी माफ केली, त्याच राज्याने तो कामाला लागला म्हणून त्याचा भत्ता काढून घेतला! ओरड झाली, आणि डिसेंबरमध्ये पार्लमेंटने कायदा करून भत्ता पुन्हा चालू केला. मात्र वर्षाची मिळकत ठराविक मर्यादेच्या आत असली पाहिजे. ती मर्यादा त्या वर्षी सुमारे ४९०० युरो होती, म्हणजे महिन्याला चारशेच्या आसपास. शंभर टक्के अपंग ठरलेल्याची मर्यादा ह्याच्या तिपटीहून अधिक, सुमारे १७,००० युरो होती. म्हणजे ज्याला काम जवळजवळ मुळीच जमणार नाही असे सरकार मानते त्याला अधिक कमावण्याची मुभा, आणि ज्याला थोडेबहुत जमेल त्याच्या कमाईला मात्र चारशे युरोंशीच कुंपण. हे आकडे दरवर्षी थोडे वर सरकतात; कुंपण तसेच राहते. मुकादम जेव्हा आनंदाने सांगतो, की ‘पुढल्या महिन्यापासून तुझे तास वाढवू या’, तेव्हा त्या सभासदाला हो म्हणण्याआधी घरी जाऊन कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागते.